स्वतःच्या ड्रॉइंगवरचे काम

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या संस्थेच्या चिटणीस साहेबांचे आमंत्रण आले तेव्हा मी त्यांना प्रथम नकारच कळविला होता. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. मी आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून बाहेर पडलेला आणि त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे लेथ मशीनपुढे उभा राहिलेला माणूस आहे. मशीनच्या आवाजात मोठ्याने बोलायची सवय झाली, एवढेच काय ते माझे वक्तृत्व. पण चिटणीस साहेब म्हणाले, "मुलांना उपदेश नको. तुमच्या शहरात कारखाने कसे आले, आणि हल्ली ही जी स्टार्टअपची हवा सुटली आहे ती काय आहे, एवढे तुमच्या शब्दांत सांगा." हे मला जमण्यासारखे वाटले, म्हणून आलो. आपण मला बोलाविलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

माझे शहर छत्रपती संभाजीनगर. २०२३ सालापर्यंत त्याचे सरकारी नाव औरंगाबाद होते. जुन्या दिवसांविषयी बोलताना तोंडात जुने नाव येईल, ते आपण समजून घ्यावे.

ह्या शहरात येणारा पाहुणा पाणचक्की पाहिल्याशिवाय जात नाही. तुमच्यापैकी काहीजण शाळेच्या सहलीत येऊन गेले असतील. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ती चक्की सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या काळातली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणले, ते उंच भिंतीवर चढविले, तेथून हौदात पाडले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरविले. त्या जात्यावर दळलेल्या पिठाची भाकर मुसाफिरांना, फकिरांना आणि तेथे शिकणाऱ्यांना मिळत असे. त्याच्याही आधी, १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी वसविली, तेव्हा त्याने गावाला पाणी आणण्यासाठी नहर बांधली. लोक पाणचक्कीसमोर फोटो काढतात आणि जातात. मी मात्र दर वेळी त्या पात्याकडे पाहत उभा राहतो. ज्याने ते केले त्याने आधी गरज पाहिली, मग हाताशी काय आहे ते पाहिले, आणि मग कुणाचीही नक्कल न करता आपल्या जागेला साजेल अशी युक्ती काढली. स्टार्टअप म्हणजे काय असे मला कुणी विचारले तर मी त्याला पाणचक्कीवर घेऊन जाईन.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. माझ्या लहानपणचे औरंगाबाद म्हणजे हिमरू विणणारे काही कारागीर, कापसाचा थोडा व्यापार, सरकारी कचेऱ्या, लेणी पाहायला येणारे परदेशी पाहुणे आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला तेव्हा ह्या भागात उद्योग असा फारसा नव्हताच. शिक्षण मात्र हळूहळू आले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६० साली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आले. १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद कॉलेज सुरू केले. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. कारखाने मागाहून आले. शाळा-कॉलेजे आधी आली. ज्यांनी ती काढली त्यांना पुढे येथे काय तयार होईल हे ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी ती काढली.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाण्याला आणि पुढे वाळूजला औद्योगिक वसाहती झाल्या. १९७२ च्या दुष्काळाची आठवण बुजुर्गांना असेल. त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ साली, पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले आणि कारखान्यांना पाण्याची शाश्वती मिळाली. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि शहराचे नशीबच पालटले. एक मोठा कारखाना स्वतः जेवढ्यांना काम देतो, त्याहून कितीतरी अधिक लोकांना त्याला माल पुरविणारे छोटे कारखाने काम देतात. बुश पाहिजे, स्प्रिंग पाहिजे, ब्रेकचा भाग पाहिजे, पत्र्याचे प्रेसिंग पाहिजे. शेजारी शेड उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरी शेड. त्यातून एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या कंपन्या लहानाच्या मोठ्या झाल्या, शेअर बाजारापर्यंत पोचल्या आणि परदेशांतही कारखाने चालवू लागल्या. २००१ च्या सुमारास शेंद्र्याला स्कोडा मोटारीचा कारखाना आला. २०१० च्या ऑक्टोबरात तर शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत औरंगाबादचे नाव झळकले. त्याच्याविषयी मला पुढे एक बोलायचे आहे.

माझी स्वतःची शेड १९८७ सालची. एक जुने लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वडिलांनी घर गहाण टाकून दिलेले पैसे आणि मी. पहिल्या वर्षी मी कर्जासाठी एका बँकेत गेलो. साहेबांनी कागद मागितले, माझ्याकडे नव्हते. त्यांनी माझा पत्ता वाचला, फाईल बंद केली आणि "बघू" म्हणाले. ते "बघू" अजून चालू आहे. त्या साहेबांवर मी बरीच वर्षे रागावलो होतो. आता वाटते, पत्ता वाचून त्यांनी चूक केली ती केली. पण कागद नव्हते ही चूक माझी होती, आणि माझ्या कागदांनी त्यांना फाईल बंद करायला सबब दिली.

विद्यार्थी मित्रांनो, आता मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे ती मी फार कमी लोकांना सांगितली आहे. तिच्यात माझी अब्रू वाढत नाही.

१९९३-९४ चा काळ असेल. माझ्या शेडवर आमच्याच मोहल्ल्यातला एक मुलगा कामाला होता. सातवीत शाळा सुटलेली, बाप वारलेला. हाताने इतका साफ की व्हर्नियर लावण्याआधीच माप सांगायचा. आमच्याकडे एका कंपनीचा एक भाग ड्रिलिंगला येत असे. त्याला दोन बाजूंनी भोके पाडायची, म्हणजे एकदा बांधायचा, सोडायचा, उलटा करून पुन्हा बांधायचा. वेळ जायचा आणि भोकांची रेषाही चुकायची. त्या मुलाने भंगारातले तुकडे जोडून एक फिक्श्चर तयार केले. भाग एकदाच बांधायचा, आणि खिट्टी काढून फिक्श्चरच फिरवायचे. पहिल्या दिवशी आमचे काम दीडपट झाले. रिजेक्शन जवळजवळ थांबले. मी खूष झालो, त्याला ईदला पाचशे रुपये आणि एक मनगटी घड्याळ दिले. आपण फार मोठे मन दाखविले असे मला वाटले होते.

महिन्याभराने कंपनीचा माणूस पाहणीला आला. मी मोठ्या अभिमानाने त्याला ते फिक्श्चर दाखविले. त्याने वहीत चित्र काढून घेतले. सहा महिन्यांत तेच फिक्श्चर त्या कंपनीला माल देणाऱ्या सगळ्या शेड्समध्ये पोचले आणि नगामागचा दर खाली आला. आमच्या युक्तीने आमचाच दर कमी झाला. मी तक्रार करायला गेलो तर मला विचारण्यात आले, "हे तुमचेच आहे याला पुरावा काय?" पुरावा कसला? साधे तारीख घातलेले ड्रॉइंगसुद्धा आम्ही केले नव्हते.

त्या संध्याकाळी त्या मुलाने मला विचारले, "सेठ, पण ह्यात माझं नाव कुठं होतं?"

मी काही बोललो नाही. काही महिन्यांनी तो आखातात निघून गेला. तिकडे एका वर्कशॉपमध्ये त्याने आयुष्य काढले, घर बांधले, बहिणींची लग्ने केली. तो सुखात आहे आणि ईदला अजून फोन करतो. पण आमच्या शहराने एक कारखानदार गमावला, आणि तो माझ्या शेडमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर गमावला.

त्या प्रश्नाने मला पुढे एक गोष्ट शिकविली. आम्ही सगळे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करीत होतो. माप त्याचे, माल त्याचा, दर त्याचा. घाम तेवढा आमचा. जॉबवर्क ही वाईट गोष्ट नाही. तिने माझे घर चालविले, मुलांची शिक्षणे केली. पण जो दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतो त्याचा दर दुसरा ठरवितो. स्टार्टअप ह्या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे: स्वतःच्या ड्रॉइंगवर केलेले काम. मग ते लोखंडाचे असो, कॉम्प्युटरवरचे असो, शेतीचे असो की औषधाचे.

सरकारी भाषेत त्याची व्याख्या आहे. २०१६ च्या १६ जानेवारीला केंद्र सरकारने स्टार्टअप इंडिया ही योजना सुरू केली आणि अशा उद्योगांची नोंदणी होऊ लागली. २०१९ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे उद्योग दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, उलाढाल शंभर कोटींच्या आत असावी आणि त्यात काही नवीन असावे, असे धरले गेले. महाराष्ट्र सरकारनेही २०१८ साली आपले स्वतंत्र धोरण जाहीर केले. आमच्या शहरात चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर ही उद्योजकांची जुनी संघटना आहे. तिने २०१६ च्या सुमारास 'मॅजिक' नावाची संस्था काढली. नव्या कल्पना घेऊन येणाऱ्या मुलांना बसायला जागा, सल्ला, ओळखी आणि पैसे देणाऱ्यांपर्यंतची वाट ती दाखविते. विद्यापीठातही अटल इन्क्युबेशन सेंटर झाले. इन्क्युबेशन म्हणजे अंडी उबविणे. कोंबडी जशी अंड्यावर बसते तशी ही केंद्रे कल्पनेवर बसतात. सगळ्याच अंड्यांतून पिल्लू निघत नाही, हे खेड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. फक्त आपल्या शिकलेल्या मंडळींना एक धंदा बुडाला की जग बुडाल्यासारखे वाटते.

शेंद्रा आणि बिडकीन येथे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी सुमारे दहा हजार एकरांवर उभी राहते आहे. २०१९ च्या सप्टेंबरात तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. २०२४ साली विजेवर चालणाऱ्या स्कूटरी करणाऱ्या एथर कंपनीने आणि टोयोटा किर्लोस्करने तेथे कारखाने काढण्याचे जाहीर केले. हे सगळे आनंदाचे आहे. पण आनंदाच्या बातमीत एक काळजीची बातमी दडलेली आहे, आणि ती आपल्या मोहल्ल्यांशी थेट जोडलेली आहे.

२०२० च्या एप्रिलपासून देशात बीएस-सहा हे धुराचे नवे नियम लागू झाले. त्या दिवसापासून नव्या मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी सेन्सर आणि इंधन फवारणारी यंत्रणा आली. आता आपल्या गल्लीतला उस्ताद आठवा. आवाजावरून रोग ओळखणारा, दहा मिनिटांत कार्ब्युरेटर उघडून, फुंकर मारून, साफ करून बसविणारा. त्याच्या हातातली निम्मी विद्या एका सरकारी हुकुमाने जुनी झाली. विजेच्या गाडीला तर इंजिनच नाही. पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. हे भाग करणाऱ्या शेड्सचे उद्या काय, हा प्रश्न वाळूजमधल्या प्रत्येक छोट्या कारखानदाराच्या मनात आहे. त्यात मीही आहे. आणि गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, लेथवर, भंगारात ज्यांची रोजी आहे त्यांत आपली माणसे किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी नोंदविल्या आहेत. मुसलमानांमध्ये पगारी नोकरीपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. आणि बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा मात्र लोकसंख्येच्या मानाने कमी आहे. म्हणजे धंदा करण्याची हिंमत आपल्याकडे आहे. ती कुणी बाहेरून आणून द्यायची नाही. कमी आहे ते कागद, भांडवल, ओळख आणि शास्त्रीय शिक्षण. आमच्या शहरात हे मी रोज पाहतो. जुन्या शहरातून वाळूज काही फार लांब नाही. सिटी बसने जाता येते. पण ज्या खोलीत नव्या कल्पनांवर चर्चा होते त्या खोलीत आमच्या मोहल्ल्यातली मुले मला क्वचित दिसतात. दार बंद आहे असे मी म्हणणार नाही. काही वेळा असतेही. परंतु पुष्कळदा ते उघडे असते आणि आपण ठोठावलेलेच नसते.

मी स्वतः ते दार कसे ठोठावले, तेही सांगतो. श्रेय माझे नाही, माझ्या पुतणीचे आहे. ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर झाली. एक दिवस शेडवर आली आणि मला म्हणाली, "चाचा, तुमची सीएनसी मशीन दिवसात किती तास बंद असते?" मी म्हटले, "बंद कशाला असेल? आठ तास चालते." ती हसली. तिने एक लहान पेटी तयार करून मशीनला लावली. मशीन कधी चालू, कधी बंद, हे ती पेटी टिपून मोबाईलवर दाखवीत असे. आठवड्याने आकडे पाहिले तेव्हा मी खाली बसलो. पाळीतला जवळजवळ तिसरा हिस्सा मशीन नुसती उभी होती. कधी माल आला नाही, कधी टूल बदलायला माणूस नाही, कधी चहा. लाखो रुपयांचे मशीन, आणि मालकाला पत्ता नाही!

तिला हा धंदा करायचा होता. तीन लाख रुपये पाहिजे होते. घरात चर्चा झाली. ते पैसे तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते, आणि मी मोठा म्हणून मलाच विचारण्यात आले. खरे सांगतो, माझ्या तोंडावर "नको" हाच शब्द होता. इतक्यात मला "सेठ, माझं नाव कुठं होतं" असे विचारणारा तो मुलगा आठवला. मी भावाला म्हटले, लग्नाचे पैसे लग्नालाच राहू द्या. हे तीन लाख मी देतो. उसने देत नाही, भागीदार म्हणून देतो. चालले तर माझा हिस्सा, बुडाले तर माझे बुडाले. आणि पहिल्या दिवशी तिच्याकडून एक काम करवून घेतले. वहीत ड्रॉइंग काढून त्याखाली तारीख घातली आणि तिची सही घेतली.

तिच्या पहिल्या पेट्या दोन महिन्यांत बिघडल्या. कूलंटच्या तेलकट वाफेने आतले सर्किट खराब झाले. दुसऱ्या वेळी विजेच्या चढउताराने. तिसऱ्या वेळी तिने पेटीचे झाकणच निराळे केले. एका इन्क्युबेशन केंद्रात तिला असा माणूस भेटला, ज्याने ह्याच चुका आधी केल्या होत्या. त्यामुळे चौथी चूक वाचली. आज सहा शेड्स तिला दर महिन्याला पैसे देतात. सहा म्हणजे काही साठ नव्हेत. तिचा धंदा टिकेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तीही सांगत नाही. पण पहिली गिऱ्हाईक माझी शेड होती याचे मला समाधान आहे. नव्या धंद्याला पैशाइतकीच पहिल्या गिऱ्हाइकाची गरज असते. शहर वाढते ते अशाने. जुन्या कारखानदाराने नव्या पोराला पहिली ऑर्डर द्यावी आणि त्याच्या पहिल्या चुका पोटात घालाव्यात.

आता त्या दीडशे मर्सिडीज. ज्यांनी घेतल्या त्यांनी आपल्या मेहनतीचा पैसा खर्च केला, त्यात मला काही बोलायचे नाही. पण मनात येते, त्यांतल्या दहा मोटारींचे पैसे शहरातल्या पोरांच्या नव्या कल्पनांत भागीदारी म्हणून गुंतले असते तर आज काय दिसले असते? अजूनही आमच्या मुलांना मोठे भांडवल पाहिजे असेल तर पुण्याला, मुंबईला, बेंगळुरूला जावे लागते, आणि जो भांडवलासाठी जातो तो बहुधा तिकडचाच होतो.

पैशाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. आपल्यातले पुष्कळ लोक व्याजाच्या प्रश्नामुळे बँकेपासून दूर राहतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी एवढेच लक्षात आणून देतो की स्टार्टअपमध्ये पैसा बहुतेक कर्ज म्हणून येत नाही. तो हिस्सा म्हणून येतो. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्यात ठरलेली वाटणी, आणि बुडाले तर भांडवल देणाऱ्याचे बुडाले. आपल्या पूर्वजांचे व्यापारी काफिले आणि गलबते ह्याच रीतीने चालत असत. ही रीत आपल्याला नवी नाही. आपण विसरलो आहोत.

आणि ज्यांना बँकेतून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी वाटा आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा. २०२२ साली सुधारलेल्या नियमांत कारखान्यासाठी पन्नास लाखांपर्यंतचा आणि सेवा धंद्यासाठी वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अल्पसंख्याक आणि स्त्रिया यांना शहरात पंचवीस टक्के आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान, आणि स्वतःचे फक्त पाच टक्के. मात्र दहा लाखांवरच्या कारखान्याच्या प्रकल्पाला अर्जदार आठवी पास पाहिजे. माझ्याकडचा तो मुलगा सातवीत शाळा सोडून आला होता. एका इयत्तेने तो ह्या दारातून आत जाऊ शकला नसता. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: पोरगा कामाला लागला तरी त्याची शाळा सोडवू नका. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. ते विचारण्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी तीन मागण्या ठेवतो. पाहुणा म्हणून आलो आणि मागायला लागलो, माफ करा.

पहिली. शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. तीत एक बाकडे, एक व्हाइस, एक सोल्डरिंग इस्त्री, थोडी हत्यारे आणि भंगारातली एक इंजेक्शनची मोटारसायकल असू द्या. मुले आणि मुली दोघांनाही यायची मुभा असू द्या. गल्लीतल्या उस्तादांना शिक्षक म्हणून बोलवा, आणि त्यांनाही सेन्सरचे काम शिकवायला पॉलिटेक्निकचा एखादा अध्यापक बोलवा. दोघे एकमेकांकडून शिकतील. पहिले लेथ मी माझ्या शेडमधून पाठवितो. ते जुने आहे, पण खरे माप देते.

दुसरी. त्या खोलीत एक वही ठेवा. ज्याने जे केले त्याचे चित्र, तारीख आणि सही त्या वहीत असावी. त्यात खरोखर काही नवे निघाले तर पेटंटसाठी अर्ज करता येतो. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना त्याच्या फीमध्ये ऐंशी टक्के सवलत आहे. बहुतेक पाने पेटंटपर्यंत जाणार नाहीत, त्याची चिंता नको. आपण केलेल्या कामाखाली आपले नाव लिहायचे असते, ही सवय मुलांना लागली तरी पुष्कळ झाले.

तिसरी. ह्या स्मरणिकेत दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलामुलींची नावे छापता, ती छापलीच पाहिजेत. त्याच पानावर, ज्याने किंवा जिने काही तरी करून दाखविले, त्यांचेही नाव छापा. मग ते बंद पडलेला पंप चालू करणे का असेना.

मुलांनो, तुमच्या हातात कसब आहे. ते तुम्हाला घरातूनच मिळाले आहे, त्याची लाज बाळगू नका. त्याच्या जोडीला पुस्तक ठेवा, हिशोबाची वही ठेवा. मराठी नीट शिका, कारण कचेरीचा कागद मराठीत येतो. इंग्रजी शिका, कारण ड्रॉइंग इंग्रजीत येते. आणि एखाद्या दिवशी तुमचे स्वतःचे ड्रॉइंग तयार झाले तर त्याच्या कोपऱ्यात तुमचे नाव घालायला विसरू नका. माझ्या शेडमधल्या एका मुलाचे नाव घालायचे राहून गेले. ती जागा अजून मोकळी आहे.

 पारितोषिके मिळविणाऱ्या सर्वांना आणि ज्यांना ह्या वर्षी मिळाली नाहीत त्यांनाही माझ्या शुभेच्छा.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.